डोळ्यातली शीर तुंबली: इंजेक्शन लगेच घ्यावे की थांबून पाहावे?

‘तुमच्या डोळ्याच्या पडद्यावरची शीर ब्लॉक झाली आहे’ एवढ्या वाक्यावरून कोणताच निर्णय घेता येत नाही. एकाला त्याच आठवड्यात इंजेक्शन द्यावे लागते. दुसऱ्याला काहीही न देता महिन्याभराने परत बोलावतात. दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात. फरक ठरतो दोन प्रश्नांवरून. पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलावर, सूज आहे का? आणि पडद्याचा किती भाग रक्तावाचून उपाशी आहे? पहिल्यावरून ठरते वाचता येण्याइतकी नजर राहील का, आणि दुसऱ्यावरून ठरते पुढे डोळ्यात काचबिंदू किंवा रक्तस्राव होईल का. या दोन धोक्यांचे वेळापत्रक वेगळे, उपचार वेगळे. त्यांची गल्लत झाली की पुढचे बहुतेक घोटाळे होतात.

आत काय घडते ते आधी पाहू. धमनी पडद्याला रक्त पुरवते, शीर ते परत नेते. पडद्यावर जिथे धमनी शिरेला ओलांडते तिथे दोघींचे बाहेरचे आवरण एकच असते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने धमनी जाड आणि कडक होते, शिरेला दाबते, तिथे रक्त गोठते. मोरीचे तोंड तुंबले आणि नळ चालूच राहिला तर जे होते तेच इथे होते: मागचा दाब वाढतो, रक्त आणि पाणी झिरपून बाहेर येते. पाणी मॅक्युलात साचले की ती सूज. दाब फार वाढला की बारीक केशवाहिन्यांतले रक्त थांबते आणि तो भाग उपाशी पडतो. उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतो. ते वाहिन्यांना आणखी झिरपायला लावते आणि नको त्या जागी नव्या, कच्च्या वाहिन्या उगवायला लावते. आजची बहुतेक इंजेक्शने या प्रथिनालाच अडवतात. शीर ती उघडत नाहीत. हे रुग्णाला आधीच नीट सांगितलेले असले, तर ‘इतकी इंजेक्शने घेऊनही परत सूज कशी?’ हा प्रश्न निराशेने विचारावा लागत नाही.

पहिला दिवस: शीर की धमनी?

दोन्हींत डोळा दुखत नाही आणि दोन्हींत नजर अचानक जाते. धमनी बंद झाली तर काही सेकंदांत एका डोळ्यापुढे जवळजवळ पूर्ण अंधार होतो, कधी फक्त उजेड तेवढा कळतो. हा डोळ्याचा पक्षाघात आहे. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात किंवा उद्याच्या अपॉइंटमेंटसाठी न थांबता पक्षाघाताचे उपचार होणाऱ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. तिथे हिशेब तासांचा असतो. मिनिटभर अंधार येऊन नजर आपोआप परत आली, तरी तीच धावपळ करावी, कारण तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

शीर तुंबली तर बहुधा झोपेतून उठल्यावर लक्षात येते. धूसर दिसते, सरळ रेषा वाकड्या दिसतात, वरच्या किंवा खालच्या अर्ध्या भागावर सावली येते. ज्याच्या डोळ्यात वरची शाखा तुंबली त्याला खालचा भाग अंधूक दिसतो. इथे हिशेब दिवसांचा आहे: एक-दोन दिवसांत नेत्रतज्ज्ञ, आणि शीर तुंबल्याचे दिसले की आठवड्याच्या आत पडद्याचे डॉक्टर. घरी बसून या दोन आजारांतला फरक शंभर टक्के ओळखता येत नाही. शंका असेल तर धमनीच समजून निघावे.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो ‘मोतीबिंदू असेल, थंडी संपली की दाखवू’ या विचारात. मोतीबिंदूने नजर हळूहळू मंदावते. एका रात्रीत ती दोन-तीन ओळींनी घसरली असेल तर कारण दुसरे असते.

पहिल्या भेटीत काय तपासावे, आणि कोणत्या क्रमाने

क्रमाला इथे खरेच महत्त्व आहे, कारण बाहुली मोठी करणारे थेंब एकदा टाकले की दोन तपासण्या त्या दिवसापुरत्या हातच्या जातात.

आधी प्रत्येक डोळ्याची नजर वेगवेगळी, चष्मा लावून आणि बारीक छिद्रातून तपासतात. आकडा कागदावर लिहून घ्या: ६/९, ६/२४, ६/६० असा. ६/६ म्हणजे पूर्ण नजर, दुसरा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी. पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्याशी ताडून होणार आहे. मग बॅटरीचा उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नेत बाहुलीची प्रतिक्रिया पाहतात. आजारी डोळ्यावर उजेड आला असता बाहुली आकसण्याऐवजी पसरत असेल, तर पडद्याचा मोठा भाग उपाशी असल्याची ती खूण आहे. वीस सेकंदांची, बिनखर्चाची ही तपासणी गर्दीच्या ओपीडीत सर्वांत जास्त वेळा राहून जाते, कारण डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधीच रुग्णाच्या डोळ्यात थेंब पडलेले असतात. थेंब टाकायला कोणी आले, तर ‘बाहुली तपासून झाली का?’ असे विचारायला संकोच करू नका.

त्यानंतर डोळ्याचा दाब. काचबिंदू हे शीर तुंबण्याचे एक कारणही आहे आणि पुढे त्याचा परिणामही होऊ शकतो. मग, अजून थेंब न टाकताच, बुबुळाच्या कडेला आणि आरसा असलेल्या भिंगाने कोनात, म्हणजे डोळ्यातले पाणी निचरते त्या जागी, नव्या वाहिन्या दिसतात का ते पाहतात. पहिल्या नव्या वाहिन्या बाहुलीच्या काठावर केसाएवढ्या बारीक असतात. बाहुली पसरली की त्या घडीत दडतात.

आता थेंब टाकून पडदा पाहावा आणि ओसीटी स्कॅन करावा. ओसीटीत मॅक्युलाचा उभा छेद दिसतो, सुजेची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मिळते. एक व्यवहारी सूचना: जाडीचे आकडे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जसेच्या तसे ताडता येत नाहीत, कारण निरोगी डोळ्याचा आकडाही यंत्रागणिक बऱ्याच मायक्रॉनांनी बदलतो. दर वेळी शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर स्कॅन करा. सूज ‘वाढली’ म्हणून औषध बदलण्यापूर्वी यंत्र बदलले नव्हते ना, हे पाहा. आणि नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पाण्याचे फुगे मध्यबिंदूच्या खाली आहेत की बाजूला, आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा थर सलग आहे की तुटलेला, हे चित्रातच कळते. तो थर तुटलेला असेल तर सूज उतरूनही नजर पूर्ण येत नाही.

हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचून काढायची अँजिओग्राफी, म्हणजे एफएफए, उपाशी भाग मोजण्यासाठी लागते. मळमळ होऊ शकते, त्वचा आणि लघवी दिवसभर पिवळी राहते. क्वचित अंगावर पित्त उठते किंवा मोठी ॲलर्जी होते, म्हणून आधीची कोणतीही ॲलर्जी सांगावी. मात्र पहिल्या आठवड्यात पडद्यावर रक्त इतके पसरलेले असते की खाली काय उपाशी आहे ते रंगातही दिसत नाही. म्हणून सुरुवातीला ‘उपाशी भाग नाही’ असा रिपोर्ट आला तरी तो कायमचा निकाल मानू नये. रक्त विरल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, तपासणी पुन्हा करावी लागू शकते. आणि सूज ओसीटीत स्पष्ट दिसत असेल तर एफएफएसाठी इंजेक्शन लांबवायचे कारण नाही.

कोणती शीर?

शाखा तुंबली तर पडद्याचा एक तुकडा बाधित होतो, बहुधा कानाकडचा वरचा. नाकाकडची शाखा तुंबली तर रुग्णाला कळतही नाही. मुख्य शीर तुंबली तर चारही बाजूंना रक्त पसरते. दोन्हींच्या मधला प्रकार म्हणजे पडद्याचा वरचा किंवा खालचा अर्धा भाग बाधित होणे. त्याची गंभीरता मुख्य शिरेच्या जवळ जाते, आणि त्याला शाखेसारखे हलके घेणे चूक आहे.

मुख्य शिरेत ‘रक्तपुरवठा शाबूत’ आणि ‘उपाशी’ असे दोन गट करतात. एफएफएत दहा डिस्कएवढे किंवा जास्त क्षेत्र उपाशी दिसले तर दुसरा गट, ही विभागणी अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून रूढ झाली. डिस्क म्हणजे डोळ्याची नस पडद्यात शिरते ती गोल जागा. प्रत्यक्षात सगळ्या खुणा एकत्र पाहतात: नजर ६/६० पेक्षा कमी, बाहुलीची बिघडलेली प्रतिक्रिया, भरपूर रक्त आणि कापसासारखे पांढरे डाग. आणि हे गट स्थिर नसतात. त्याच अभ्यासात सुरुवातीला शाबूत असलेल्या डोळ्यांपैकी १५ टक्के पहिल्या चार महिन्यांतच उपाशी गटात गेले, तीन वर्षांत ३४ टक्के. पहिल्या महिन्यात ‘साधा प्रकार आहे’ असे ऐकून सहा महिने न फिरकणाऱ्याचे नुकसान होते ते यामुळे.

थांबून पाहणे कधी योग्य

मॅक्युलावर सूज नसेल आणि नजर ६/६ ते ६/९ असेल, तर इंजेक्शन देऊन मिळवायचे काहीच नाही. शाखा तुंबली आहे, थोडी सूज आहे पण मध्यबिंदू वाचला आहे, नजर ६/९ किंवा त्याहून चांगली आहे, तरीही काही आठवडे पाहता येते. शाखेतल्या डोळ्यांत रक्ताला दुसरी वाट सापडून सूज स्वतःहून उतरण्याची शक्यता खरी असते. १९८४ च्या शाखेवरील लेझर अभ्यासात उपचार न केलेल्या गटातही ३७ टक्के डोळ्यांची नजर तीन वर्षांत दोन ओळी किंवा जास्त सुधारली होती. लेझर केलेल्या गटात हे प्रमाण ६५ टक्के होते.

पण याच अभ्यासातून एक जुनी सवय आजही चालू आहे: ‘तीन महिने थांबू, मग बघू’. ते तीन महिने लेझरसाठी होते. रक्त विरल्याशिवाय लेझर करता येत नाही आणि ज्यांची सूज आपोआप उतरणार त्यांना उगाच जाळायचे नव्हते. इंजेक्शनला रक्त आड येत नाही. मध्यबिंदूवर सूज असून नजर ६/१२ किंवा खाली गेलेल्या रुग्णाला आज तीन महिने नुसते थांबवणे आमच्या मते चूक आहे.

थांबायचे ठरले तर तारखा ठरलेल्या हव्यात. मुख्य शीर तुंबली असेल तर पहिले सहा महिने दर महिन्याला. शाखा असेल तर पहिले तीन महिने चार ते सहा आठवड्यांनी, मग दर तीन महिन्यांनी, साधारण दोन वर्षे. प्रत्येक भेटीत नजर, दाब, बाहुलीचा काठ आणि ओसीटी. ‘त्रास झाला तर या’ एवढेच सांगून रुग्णाला पाठवणे म्हणजे निरीक्षण नव्हे, कारण नव्या वाहिन्या सुरुवातीला कसलाच त्रास देत नाहीत.

घरी करायची चाचणी अशी. भिंतीवरचे कालनिर्णय रोज त्याच अंतरावरून, त्याच दिव्याखाली, जवळचा चष्मा लावून, चांगला डोळा तळहाताने झाकून पाहायचे. आजच्या चौकोनातली तारीख स्पष्ट आहे का? तिथीची बारीक अक्षरे किती ओळखू येतात? चौकोनांच्या रेषा वाकतात का? डोळा दाबून धरू नका, दाबल्याने काही क्षण धूसर दिसते आणि उगाच घाबरायला होते. काल वाचता आलेले आज वाचता आले नाही, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दोन-तीन दिवसांत दाखवा.

उपचार लवकर कधी

मध्यबिंदूवर सूज आणि नजर ६/१२ किंवा खाली: शाखा असो वा मुख्य शीर, निदानापासून एक-दोन आठवड्यांत पहिले इंजेक्शन. याला भक्कम आधार आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रूझ चाचणीत मुख्य शीर तुंबलेल्यांना सहा महिने दर महिन्याला रॅनिबिझुमॅब हे व्हीईजीएफविरोधी औषध दिले, दुसऱ्या गटाला नुसती सुई टोचल्याचा आभास. सहा महिन्यांनी पहिल्या गटाने तक्त्यावरची सरासरी १४.९ अक्षरे कमावली, दुसऱ्याने ०.८. तक्त्याची एक ओळ पाच अक्षरांची असते, म्हणजे फरक जवळपास तीन ओळींचा. महत्त्वाचा भाग पुढे आहे. सहा महिन्यांनंतर दुसऱ्या गटालाही औषध मिळाले, पण वर्षअखेर त्यांची कमाई ७.३ अक्षरांवरच थांबली आणि आधी सुरू केलेल्यांची १३.९ वर टिकली. शाखेवरच्या ब्राव्हो चाचणीतही उशिरा सुरू करणारे मागेच राहिले: १८.३ विरुद्ध १२.१. सूज महिनोन्‌महिने राहिली की पेशी मरतात, नंतर पाणी काढून त्या परत येत नाहीत.

नजर ६/९ असली तरी लगेच उपचाराकडे झुकावे असे काही प्रसंग आहेत: दुसरा डोळा आधीच अधू असणे, चालक किंवा सोनारकाम, शिवणकाम अशी बारीक नजरेची गरज असलेला व्यवसाय, किंवा दोन भेटींत सूज चढती असणे. उलट नजर फारच कमी असेल, म्हणजे फक्त बोटे मोजता येत असतील, तर इंजेक्शनने फायदा कमी होतो, पण पूर्ण निरुपयोगी म्हणून ते नाकारू नये. दोन-तीन देऊन प्रतिसाद पाहावा. अशा डोळ्यात मुख्य काम मात्र नव्या वाहिन्यांवर पाळत ठेवण्याचे असते.

त्याच दिवशी जायचे प्रसंग: डोळा लाल, दुखरा, दिव्याभोवती वलये, डोकेदुखी, उलटी. उपाशी मुख्य शिरेनंतर साधारण दोन ते चार महिन्यांत असे झाले तर नव्या वाहिन्यांनी कोन बंद करून दाब वाढवला असण्याची शक्यता मोठी. जुने डॉक्टर याला शंभर दिवसांचा काचबिंदू म्हणतात. अशा वेळी दाब कमी करणारे थेंब, जरूर तर ॲसिटाझोलामाइड (मूत्रपिंडाचा आजार किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा), ॲट्रोपिन, स्टिरॉइड थेंब, व्हीईजीएफविरोधी इंजेक्शन आणि पाठोपाठ लेझर हे सगळे थोड्या दिवसांत व्हावे लागते. ‘अर्धशिशी असेल’ म्हणून वेदनाशामक घेत घरी काढलेला आठवडा डोळा कायमचा घालवू शकतो. काळे ठिपके, जाळी किंवा लालसर धूर अचानक दिसू लागला तरी चोवीस तासांत दाखवावे, तो आतला रक्तस्राव असू शकतो.

कोणते औषध

व्हीईजीएफविरोधी औषधांत बेव्हासिझुमॅब १.२५ मिलिग्रॅम, रॅनिबिझुमॅब ०.५ मिलिग्रॅम, अफ्लिबरसेप्ट २ मिलिग्रॅम आणि नवे फॅरिसिमॅब ६ मिलिग्रॅम ही नावे तुमच्या कागदावर दिसतील. बेव्हासिझुमॅब मुळात कर्करोगाचे औषध आहे आणि डोळ्यात ते परवान्याबाहेर वापरले जाते, म्हणून संमतिपत्रात तसा उल्लेख असतो. किंमत मात्र इतरांच्या काही अंशाएवढीच. प्रभावात ते किती मागे आहे? अमेरिकेतल्या स्कोअर-२ चाचणीत सहा महिन्यांना ते अफ्लिबरसेप्टपेक्षा कमी पडले नाही. ब्रिटनमधल्या लीव्हो चाचणीत १०० आठवड्यांनी सरासरी कमाई अफ्लिबरसेप्ट १५.१, रॅनिबिझुमॅब १२.५, बेव्हासिझुमॅब ९.८ अक्षरे अशी होती आणि बेव्हासिझुमॅब इतर दोघांच्या बरोबरीचे असल्याचे सिद्ध झाले नाही. आमचे मत असे: महागडी तीन इंजेक्शने घेऊन पैसे संपले म्हणून थांबण्यापेक्षा परवडणाऱ्या औषधाची आठ वेळेवर घेणे केव्हाही चांगले. भारतात २०१५ पासून रॅनिबिझुमॅबचे देशी रूप, रॅझुमॅब, मिळते. तो मधला पर्याय ठरतो. बेव्हासिझुमॅब घेताना एकच चौकशी आवर्जून करा: मोठ्या बाटलीतून लहान डोस निर्जंतुक पद्धतीने कुठे काढले जातात, आणि बॅच क्रमांक तुमच्या कागदावर लिहिला आहे का. एका बाटलीत जंतू गेले तर त्या दिवशीच्या अनेक डोळ्यांना संसर्ग होतो.

डेक्सामेथासोनचे ०.७ मिलिग्रॅमचे विरघळणारे इम्प्लांट ही दुसरी वाट. दोन महिन्यांच्या सुमारास त्याचा परिणाम सर्वाधिक, तीन-चार महिन्यांत ओसरतो. नुकताच हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्यांना, गरोदर स्त्रीला, किंवा दर महिन्याला दुर्गम गावाहून शहरात येणे अशक्य असलेल्यांना त्याचा विचार होतो. दोन दोष ठाऊक हवेत: डोळ्याचा दाब वाढतो आणि मोतीबिंदू लवकर पिकतो. दाब बहुधा सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास शिखरावर असतो, म्हणून ‘चार महिन्यांनी या’ हा सल्ला अपुरा आहे, मधली दाबतपासणी चुकवू नये. काचबिंदू बराच वाढलेल्या डोळ्यात, किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाची पिशवी मागून फाटून भिंग पुढे बसवलेल्या डोळ्यात हे इम्प्लांट टाळतात, ते पुढे सरकून बुबुळाच्या काचेला इजा करते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गुंतागुंतीची झाली असेल तर जुनी फाइल सोबत न्या.

लेझर संपलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. मुख्य शिरेच्या सुजेवर लेझरने नजर सुधारत नाही, हे १९९५ मध्येच स्पष्ट झाले. शाखेत इंजेक्शनांना दाद न देणाऱ्या सुजेसाठी त्याला जागा उरते. नव्या वाहिन्या दिसल्या की मात्र लेझरच मुख्य: मुख्य शिरेत संपूर्ण कडेच्या पडद्यावर साधारण १५०० ते २००० ठिपके, शाखेत फक्त बाधित तुकड्यावर. शाखेतल्या नव्या वाहिन्यांवर वेळेत लेझर केल्यास डोळ्यात रक्तस्राव होण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास येते. नियमित येऊ शकणाऱ्या रुग्णाला लेझर आधीच करण्याची गरज नसते. जो पुढचे चार महिने ऊसतोडीला बाहेर जाणार आहे, त्याच्या उपाशी डोळ्याला आधीच लेझर करून ठेवणे शहाणपणाचे.

इंजेक्शनचा दिवस आणि नंतरचा आठवडा

उपाशी राहायची गरज नाही. रोजच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या घ्यायच्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. डोळा आला असेल, पापणीवर रांजणवाडी असेल, तर तारीख पुढे ढकला. सुन्न करणाऱ्या थेंबांनंतर ५ टक्के पोव्हिडोन-आयोडीन डोळ्यात टाकतात. संसर्ग टाळणारी खरी पायरी हीच. सुई काळ्या बुबुळाच्या काठापासून ३.५ ते ४ मिलिमीटर मागे जाते, औषध असते ०.०५ मिलिलिटर, टोचायला काही सेकंद लागतात. लगेच बोटे मोजायला लावतात. काहीच दिसत नसेल तर तिथल्या तिथे सांगा.

त्या रात्री डोळा चुरचुरतो, तो आयोडीनमुळे. बुडबुड्यासारखे गोल एक-दोन दिवस तरंगतात. पांढऱ्या भागावर लाल डाग पडला तर तो दहा-पंधरा दिवसांत आपोआप जातो. दोन-तीन दिवस डोळ्यात नळाचे पाणी जाऊ देऊ नका, पोहू नका, डोळा चोळू नका. घाबरायचे ते वेगळ्या चित्राला: दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दुखणे वाढत जाणे, लाली वाढणे, उजेड सहन न होणे, नजर घसरणे. हा आतला संसर्ग असू शकतो. हजारो इंजेक्शनांत एखाद्याला होतो, पण होतो तेव्हा काही तासांचा उशीरही महागात पडतो. रविवार असो वा सण, फोन करून निघा.

किती इंजेक्शने, आणि कधी थांबावे

सुरुवात दर महिन्याला. सलग तीन भेटींत नजर आणि ओसीटी दोन्ही स्थिर राहीपर्यंत तेच चालू. मग अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवतात: सहा, आठ, दहा, बारा. सूज परत आली त्या टप्प्याच्या एक पायरी मागे यायचे. दहाव्या आठवड्याला पाणी दिसले तर तुमचा डोळा आठ आठवड्यांचा. पहिल्या वर्षात सात ते नऊ लागतील असे धरून पैशांची आणि रजेची तजवीज करा. चार वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेल्या एका गटात साधारण निम्म्या डोळ्यांची सूज कायमची उतरली, बाकीच्यांना अधूनमधून इंजेक्शने लागतच राहिली.

तीनपासून सहापर्यंत इंजेक्शने वेळेवर घेऊनही सूज तशीच असेल तर औषध किंवा औषधाचा गट बदलण्याची चर्चा करावी. ‘वेळेवर’ हा शब्द महत्त्वाचा: सात आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या तीन इंजेक्शनांवरून औषध निकामी ठरवता येत नाही. सूज उतरली पण नजर आली नाही, तर बहुधा मॅक्युलाच उपाशी आहे किंवा पेशींचा थर तुटला आहे. तिथे आणखी इंजेक्शने देण्यात अर्थ नसतो.

आता सर्वांत घातक गफलत. इंजेक्शने नव्या वाहिन्यांनाही दाबून ठेवतात. म्हणून उपाशी डोळ्याचे शंभर दिवस शिरेच्या तारखेपासून मोजून भागत नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर पुन्हा किमान सहा महिने, दर महिन्याला, बाहुलीचा काठ थेंबांशिवाय तपासून घ्यावा. ‘सूज गेली, आता सुट्टी’ म्हणून निघून गेलेला रुग्ण तीन महिन्यांनी लाल, दुखऱ्या डोळ्याने परत येतो तो याच फटीतून.

शरीराची तपासणी

प्रत्येकाचा रक्तदाब, साखर, चरबी, हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना आणि ईएसआर (शरीरात कुठे दाह आहे का ते सुचवणारी रक्तचाचणी) पाहावे. मूत्रपिंडाची तपासणी जोडावी. रक्तदाबाचा आजार नव्यानेच कळण्याचे प्रमाण इथे बरेच असते. वय पन्नाशीच्या आत असेल आणि रक्तदाब, साखर ठीक असेल, तर होमोसिस्टीन (रक्तातला एक घटक, तो वाढला की रक्त गोठण्याचा धोका वाढतो) आणि बी१२ पाहावे. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि तिच्यामुळे होमोसिस्टीन चढते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने त्या बदलण्याबाबत स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे. दोन्ही डोळे एकदमच बाधित झाले तर रक्त घट्ट करणाऱ्या आजारांचा शोध फिजिशियनकडून त्वरित व्हावा.

ॲस्पिरिन? हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर चालू ठेवा. नुसत्या डोळ्यातल्या शिरेसाठी स्वतःहून सुरू करू नका, त्याने शीर उघडल्याचा पुरावा नाही. तंबाखू आणि सिगारेट मात्र आजच सोडायच्या. दुसऱ्या डोळ्यालाही शीर तुंबण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून त्याचा दाब आणि पडदा प्रत्येक मोठ्या तपासणीत पाहून घ्यावा.

खर्चाबाबत एवढे: विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत डोळ्यातली इंजेक्शने ‘आधुनिक उपचारां’च्या यादीत आली, त्यामुळे चोवीस तास भरती नव्हती म्हणून दावा सरळ फेटाळला गेला तर यादीचा हवाला देऊन दाद मागता येते. पण या यादीतल्या उपचारांना पॉलिसीत बहुधा वेगळी मर्यादा असते. पहिल्या इंजेक्शनपूर्वीच ती मर्यादा वर्षाला किती, हे लेखी विचारून घ्या आणि मगच औषध निवडा. प्रत्येक वेळची तारीख, औषधाचे नाव, बॅच क्रमांक, त्या दिवशीची नजर आणि ओसीटीची प्रत एकाच फाइलमध्ये लावत जा. डॉक्टर बदलले तर हीच फाइल नव्या डॉक्टरांना सांगेल की तुमचा डोळा किती आठवड्यांचा आहे.